तुम्ही स्वतःला खेळाडू कधी म्हणायला लागलात?

कृष्णाकाठची

गेल्या मंगळवारी आयुष्यात पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टकडे गेले. उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढी एक जागा आहे, तिथे बोट टेकलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. एमआरआय केला तर हाडाला बारीक चीर. स्ट्रेस फ्रॅक्चर.

तिथली मुलगी पंचविशीतली असेल. माहिती लिहून घेताना तिने विचारलं, "कुठला खेळ?" मी म्हटलं, "छे हो, खेळ कुठला, नुसती पळते." तिने पेन खाली ठेवलं. आठवड्याला किती? चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. किती वर्षं? सहा. स्पर्धा? सातारा हिल हाफ मॅरेथॉन चार वेळा, मुंबईची फुल एकदा. तिने मान खाली घालून कागदावर लिहिलं, 'धावपटू'. मग म्हणाली, "मॅडम, दुखायला लागल्यावर किती दिवस पळत होतात?"

पाच आठवडे. पाच आठवडे मी त्या पायावर यवतेश्वरचा घाट चढत होते, कारण विश्रांती घेणं, डॉक्टरकडे जाणं, पळण्यासाठी वेगळं खाणं हे सगळं खेळाडूंनी करायचं असतं असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. मी कोण? सहकारी बँकेत नोकरी करणारी, अकरावीतल्या मुलीची ४६ वर्षांची आई. शाळेत पी.टी.च्या तासाला माझ्याकडे मैदानाच्या कडेला बसून सगळ्यांची दप्तरं सांभाळायचं काम असायचं. पाचवी ते दहावी, सहा वर्षं.

घरी आल्यापासून तो शब्द डोक्यातून जात नाही. तो माझा आहे असं मला आधी वाटलं असतं तर हाड चिरेपर्यंत मी तशीच पळत राहिले असते का? मला वाटतं, नसते राहिले.

म्हणून विचारते. तुम्ही पळत असाल, पोहत असाल, सायकल चालवत असाल, काहीही खेळत असाल, तर स्वतःला खेळाडू कधी म्हणायला लागलात? कशाने? आणि म्हणत नसाल तर का नाही?

घाटमाथा

ताई, आधी पाय बरा करा.

माझं उत्तर सोपं आहे. पहिल्या स्पर्धेच्या आदल्या रात्री टीशर्टवर चार पिनांनी बिब, म्हणजे छातीवरचा नंबर, लावत होतो. तो सरळ बसेना म्हणून तीनदा काढून पुन्हा लावला. बायको म्हणाली, "लग्नात फेट्यासाठीसुद्धा एवढा वेळ लावला नव्हतास." तेव्हा कळलं की ही गोष्ट आपल्यासाठी मोठी आहे.

पाठलाग

मी थोडं वेगळं बोलतो. राग मानू नका.

मी खो-खो खेळलो. शाळा, कॉलेज, जिल्हा, मग दोन वर्षं राज्य संघ. नऊ जण मैदानात. पाठलागाला आठ जण पाटीवर उकिडवे बसलेले, एक उठलेला, नऊ मिनिटांचा डाव. खांबाजवळ सूर मारून मारून दोन्ही कोपरं कायमची काळी पडली आहेत. निवड चाचणीत नाव आलं नाही म्हणून एसटी स्टँडवर बसून रडलेलो आहे. खेळाडू होणं म्हणजे कोणीतरी तुम्हाला निवडणं आणि कोणीतरी तुम्हाला काढणं. समोर गडी हवा, पंच हवा, हार हवी.

आता पाच किलोमीटर चालून आलेला माणूसही पदक गळ्यात घालून फोटो टाकतो. आनंद आहे, तब्येतीला चांगलं आहे. पण सगळ्यांनाच खेळाडू म्हटलं तर ज्यांनी त्यासाठी गुडघे दिले त्यांना काय म्हणायचं?

कृष्णाकाठची, हे तुम्हाला उद्देशून नाही. तुम्ही घाट पळता, त्याचा आदरच आहे.

वेलांटी

या वादात शब्दच थोडे गुन्हेगार आहेत.

'धावपटू'मधला पटू म्हणजे संस्कृत पटु: कुशल, तरबेज. बुद्धिबळपटू, क्रीडापटू, वक्तृत्वपटू, सगळीकडे तोच. म्हणजे कसब अंगी आल्याशिवाय तो शब्द आपला म्हणता येत नाही अशी त्याची घडणच आहे. ॲथलीट हा मूळ ग्रीक शब्द, त्याचा अर्थ बक्षिसासाठी झुंजणारा. पाठलाग म्हणतात त्याच्या अगदी जवळचा.

पण आपला 'खेळाडू' बघा. खेळणारा, बस. त्यात कसबाची अट नाही, बक्षिसाची नाही, वयाचीही नाही. ताईंनी धाग्याच्या मथळ्यात नेमका तोच शब्द घेतला आहे.

कडीकोयंडा

आमच्याकडे बायको पळते आणि मी पहाटे साडेचारला उठून दाराची कडी काढतो, चहा ठेवतो, गल्लीतली कुत्री हाकलायला कोपऱ्यापर्यंत जातो. वेलांटी, मला कुठला पटू म्हणायचं?

वेलांटी

दारपटू. :)

तांबडी_माती

कोल्हापूरकर बोलतोय.

आमच्याकडे हा प्रश्नच येत नाही, कारण नाव आधी मिळतं. दहा वर्षांचं पोर पहिल्या दिवशी तालमीत येतं, लंगोट कसा बांधायचा तेही त्याला ठाऊक नसतं, आणि वस्ताद हाक मारतात, "ए पैलवान, इकडं ये." रस्त्यावरचा दूधवाला पैलवान म्हणतो, शाळेतले मास्तर पैलवान म्हणतात. पोरानं अजून एक कुस्ती मारलेली नसते.

मी सातवीत तालमीत गेलो. पहिले पंधरा दिवस फक्त हौद्यातली माती खणायला लावली. ताक, तेल, हळद घातलेली तांबडी माती, फावड्यानं उलटीपालटी करायची, ढेकळं हातानं फोडायची. वस्ताद म्हणायचे, "जिच्यावर पडायचंय तिची ओळख करून घे." मग जोर, मग बैठका. पण पैलवान हे नाव पहिल्या दिवसापासून. आणि एकदा ते नाव लागलं की माणूस चारचौघांत तंबाखू मळत नाही, रात्री उशिरापर्यंत गल्लीत बसत नाही, खाण्याच्या वेळा पाळतो. पैलवान म्हणवून घेतो आणि असा वागतो काय, असं कोणीतरी म्हणेल ही धास्ती. ताईंना जे फिजिओकडे कळलं ते आमच्याकडं पोराला पहिल्या दिवशी देतात.

मी पुढं मोठा पैलवान झालो नाही. गावच्या जत्रेत नारळावरच्या कुस्त्या केल्या, दोन-तीन फेटे मिळाले, मग नोकरी. पण आजही दुकानदार "काय पैलवान" म्हणतो आणि मी ताठ उभा राहतो.

पाठलाग

तांबडी_माती, मस्त लिहिलंत. पण तुमच्याकडे नाव देणारा वस्ताद होता. स्वतःचं स्वतः घेतलं नव्हतं. माझा मुद्दा तोच आहे.

कृष्णाकाठची

पाठलाग दादा, राग अजिबात नाही. उलट तुम्ही लिहिलंत ते मलाही आतून पटत होतं, म्हणून तर सहा वर्षं "नुसती पळते" म्हणत आले.

पण वस्ताद कोणाला मिळतो ते बघा ना. माझ्या शाळेत मुलांना कबड्डीचे सर होते. मुलींना कोणी नव्हतं. दप्तरं होती.

मोगरी

कृष्णाकाठची, या शेवटच्या ओळीवर थांबले.

तुमचा जन्म १९७९-८० च्या आसपासचा असणार. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकपर्यंत बायकांची धावण्याची सगळ्यात लांब शर्यत किती होती? १५०० मीटर. पुरुषांची मॅरेथॉन १८९६ पासून आहे, बायकांची पहिली १९८४ ला लॉस एंजेलिसला, ती जोन बेनॉइटने जिंकली. बोस्टनमध्ये कॅथरीन स्विट्झर १९६७ मध्ये २६१ नंबरचा बिब लावून पळाली तेव्हा आयोजकांपैकी एकाने तिला रस्त्यातच धरून बाहेर ओढायचा प्रयत्न केला होता. बायकांना तिथे रीतसर प्रवेश १९७२ पासून मिळाला. पाठलाग म्हणतात तसं 'कोणीतरी निवडलं' पाहिजे असं धरलं तर या बायकांना कोण निवडणार होतं?

आणि सातारकरांनो, माण तालुक्यातलं मोही विसरू नका. ललिता बाबर २०१६ ला रिओमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पळाली, दहावी आली. पी. टी. उषानंतर, म्हणजे ३२ वर्षांनी, भारतीय बाई ऑलिंपिकमध्ये ट्रॅकच्या अंतिम फेरीत होती. मी ती शर्यत स्वयंपाकघरात फोन डब्याला टेकवून बघितली आणि पोळी करपली.

रानजाई

मी त्र्यंबकेश्वरच्या पुढे एका आश्रमशाळेत शिकवते. कविता राऊतचं सावरपाडा आमच्याच भागातलं. २०१० ला तिला दिल्लीच्या राष्ट्रकुलमध्ये १० हजार मीटरला कांस्य मिळालं आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य, तेव्हापासून आमच्या मुली 'सावरपाडा एक्स्प्रेस' हे शब्द ऐकतच मोठ्या झाल्या.

मला वेगळंच खटकतं. आमच्या एका मुलीची आई उन्हाळ्यात रोज चार खेपा पाण्याच्या करते. डोक्यावर दोन हंडे, काखेत एक कळशी, दरीत उतरायचं आणि वर यायचं. एक खेप दीड किलोमीटर असेल. मी एकदा रिकाम्या हाताने तिच्याबरोबर उतरले आणि वर येताना दोनदा बसले. तिला कोणी कधी खेळाडू म्हटलं नाही, म्हणणारही नाही. शहरात तेवढाच चढ बूट घालून चढला की त्याला ट्रेनिंग म्हणतात. हे मनाला लागतं.

दिवेघाट

रानजाई, वारीबद्दलही मला हेच वाटतं. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. माझी आजी सत्तराव्या वर्षापर्यंत पायी जात होती, सासवडच्या आधीचा दिवेघाट डोक्यावर तुळस घेऊन चढायची. आम्ही आता त्याच घाटात सायकलींचा सराव करतो आणि घामाघूम होतो. तिला खेळाडू म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, "मी माऊलीबरोबर चालते रे, खेळते कुठं."

आणि ते खरंच वेगळं आहे. तिचं चालणं कशासाठी आहे ते तिला माहीत होतं, त्याला दुसरं नाव नको होतं.

रानजाई

दिवेघाट, बरोबर. मीही त्यावर खूप विचार केला आहे. आता मला फरक असा दिसतो: त्या आईला एक दिवस खेप चुकवायची मुभा नाही. पाय मुरगळला तरी पाणी आणायचं आहे. थकल्यावर थांबायचं, उद्या थोडं जास्त, परवा थोडं कमी, हे ठरवणं जिच्या हातात नाही तिचे ते कष्ट. तिच्या मुलीला आम्ही संध्याकाळी मैदानावर पळवतो, आणि मंगळवारी सांगतो की आज पळायचं नाही, आज झोप. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती मुलगी गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. तिच्या घरात बाईमाणसाला "आज झोप" कोणी म्हटलेलं तिने ऐकलंच नव्हतं.

अविनाश साबळेची गोष्ट सगळे सांगतात, बीडमधल्या मांडव्याहून रोज सहा किलोमीटर शाळेला जायचा म्हणून. पण तो धावपटू झाला सैन्यात गेल्यावर, सियाचीनची नेमणूक वगैरे होऊन, क्रॉस कंट्रीच्या संघात आल्यावर. शाळेच्या वाटेने फुप्फुसं दिली असतील. वेग आला तो सरावाने, खाण्याने, झोपेने आणि कोणीतरी घड्याळ धरल्याने. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुलमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसला ८ मिनिटं ११.२० सेकंद, रौप्य. सुवर्ण हुकलं ते ०.०५ सेकंदाने.

घाटमाथा

०.०५! डोळ्याची पापणी मिटायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो.

निळं_पाणी

आतापर्यंत फक्त वाचत होतो. आज लिहितो.

लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय कामाचा नाही. अकराव्या वर्षापासून पोहतो. राज्य पातळीवर पदकं आहेत. इथे सगळे विचारताहेत की मी स्वतःला खेळाडू कधी म्हणायचं. माझा प्रश्न उलटा आहे. मी कधीचाच म्हणतो, समोरचा म्हणत नाही. मी तलावातून बाहेर येतो, कुबड्या घेतो, आणि कोणीतरी हमखास जवळ येऊन सांगतं, "तुमच्याकडे बघून खूप प्रेरणा मिळते हो." चांगल्या मनानेच सांगतात. पण त्याच वेळी शेजारच्या लेनमधल्या मुलाला विचारतात, "शंभर मीटरला किती लागले?"

मला वेळ विचारा. एवढंच मागणं आहे. ५० मीटर फ्रीस्टाइलला मी किती घेतो ते विचारा आणि गेल्या वर्षीपेक्षा कमी झाला की वाढला ते विचारा.

मुरलीकांत पेटकर, सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या. १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण, ३७.३३ सेकंद, विश्वविक्रम. लोकांना गोळ्या आठवतात, ३७.३३ कोणाला आठवत नाही. मी हा आकडा वयाच्या तेराव्या वर्षी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला होता. तसंच आटपाडीकडच्या सचिन खिलारीचं: पॅरिस २०२४, पॅरालिंपिकची गोळाफेक, एफ-४६ म्हणजे हाताचं अपंगत्व असलेल्यांचा गट, १६.३२ मीटर, रौप्य. आकडा लक्षात ठेवणं हा खेळाडूचा खरा मान आहे.

कृष्णाकाठची, तुमची हाफची वेळ किती?

कृष्णाकाठची

निळं_पाणी, सहा वर्षांत पहिल्यांदा कोणी विचारलं. घरी, ऑफिसात सगळे "पूर्ण केलंस ना?" एवढंच विचारतात.

सातारा हिलला २ तास २६ मिनिटं, मग २:२१, २:१९, आणि गेल्या वेळी २:१४. शेवटचा उतार मी पाय न आवरता सोडला होता.

आणि तुमची ५० मीटरची?

निळं_पाणी

४१.८. मागच्या वर्षी ४२.५ होती.

२:२६ वरून २:१४, तेही घाटात. बारा मिनिटं काही अशीच कमी होत नाहीत, ताई.

पाठलाग

निळं_पाणी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. "वेळ विचारा" हे मनात राहिलं.

अस्थिसंधी

हाडांचा डॉक्टर आहे, म्हणून मूळ प्रश्नाच्या वैद्यकीय बाजूवर लिहितो. हौशी पळणाऱ्यांमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर मी वारंवार बघतो, आणि बऱ्याच जणांची कहाणी कृष्णाकाठची यांच्यासारखीच असते. दुखणं आधी पळाल्यावर येतं, मग पळताना, मग चालताना, मग रात्री झोपेत. पहिल्या पायरीवर थांबलं तर दोन-तीन आठवड्यांत सुटका होऊ शकते. चीर पडल्यावर साधारण सहा ते आठ आठवडे पळणं बंद, जागा वाईट असेल तर त्याहून जास्त.

हाड रोज थोडं झिजतं आणि रोज भरून निघतं. भरून काढायचं काम विश्रांतीत आणि झोपेत होतं, आणि त्याला इंधन लागतं. आठवड्याला ४५ किलोमीटर पळणारी बाई सकाळी चहा-बिस्किटावर पळून आली, डबे भरले, उरलीसुरली एक पोळी खाऊन बँकेत गेली, तर शरीर काटकसर सुरू करतं आणि त्यात हाडांच्या वाट्यालाही कमीच येतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये याला, म्हणजे खेळाच्या मानाने शरीराला इंधन कमी पडण्याला, रेड-एस असं नाव दिलं. लक्षणं: सतत थकवा, पाळी अनियमित होणं किंवा थांबणं, हाडांच्या वारंवार दुखापती, चिडचिड. पुरुषांनाही होतं. चाळिशीच्या पुढे इस्ट्रोजेन कमी होऊ लागतं, त्यामुळे बायकांनी दुप्पट लक्ष द्यायला हवं. ड जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. आठवड्यातून दोनदा वजनाचे व्यायाम करा.

पेशंटला "तुम्ही खेळाडू आहात" हे मी मुद्दाम सांगतो. ते पटलं की माणूस खातो आणि झोपतो. "नुसतं पळतो" म्हणणारा दोन्ही टाळतो.

कृष्णाकाठची

डॉक्टर, चहा-बिस्किट आणि उरलीसुरली पोळी हे तुम्ही माझ्या ओट्यापाशी उभं राहून बघितलंत का?

आता राजगिऱ्याचा लाडू आणि केळं खाऊन निघायचं, आल्यावर दोन अंडी. सासूबाईंनी परवा स्वतःहून अंडी उकडली. त्या माळकरी आहेत. आमच्या घरात अंडी गच्चीवरच्या वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या भांड्यात होतात आणि आजवर त्यांनी त्या भांड्याला हात लावलेला नव्हता. मी वर गेले तर पातेल्यापाशी उभ्या राहून मोठ्याने सेकंद मोजत होत्या. मला काही बोलता आलं नाही.

मोगरी

हे वाचून घसा दाटून आला. तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

थेम्सकाठ

इंग्लंडहून. इथे दर शनिवारी सकाळी नऊला पार्करन असते, बागेत पाच किलोमीटर, फुकट. २००४ मध्ये लंडनजवळच्या बुशी पार्कात सुरू झाली, आता गावोगावी आहे. मी पहिल्यांदा गेले ती मैत्रिणीला सोबत म्हणून, सलवार-कमीज आणि चालायच्या बुटांत. शेवटून तिसरी आले. दुपारी ईमेल आला: नाव, वेळ, वयोगटात कितवी, आणि वयानुसार टक्केवारी. म्हणजे ५२ वर्षांच्या बाईसाठी ही वेळ कितपत चांगली. कोणी कौतुक केलं नाही, कोणी हसलंही नाही, फक्त नोंद केली. पुढच्या शनिवारी मी त्या आकड्यासाठी गेले.

पाठलाग यांना सांगायचं आहे की पंच मलाही मिळाला. घड्याळ घेऊन उभी असलेली एक आजी.

साठी_पार

मी ७१. निवृत्त झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचं कळेना म्हणून ठाण्यात उपवनला तलावाला चक्कर मारायला लागलो. चालत, मग खांबापासून खांबापर्यंत पळत. फौजा सिंग २०११ मध्ये टोरांटोला शंभराव्या वर्षी मॅरेथॉन पूर्ण करून आले तेव्हा वाटलं, आपल्याला अजून बराच वेळ आहे. मुंबई हाफ सात वेळा केली.

स्वतःला खेळाडू केव्हा म्हटलं ते नक्की सांगतो. नातवाच्या शाळेत आजी-आजोबा दिन होता. सगळ्यांनी पूर्वी काय होतो ते सांगितलं: मी मुख्याध्यापक होतो, मी विमा कंपनीत होतो. माझी पाळी आली आणि मी म्हणालो, "मी पळतो." सगळ्यांच्या वाक्यांत 'होतो' होतं, माझ्याच वाक्यात नव्हतं.

कडीकोयंडा

काका, हे मी बायकोला वाचून दाखवलं. तिने तुम्हाला उपवनला भेटायचं ठरवलंय. कडी मी काढीन.

पाठलाग

साठी_पार काका, तुमच्या प्रतिसादाने मला रात्रभर जागवलं. आता खरं लिहितो.

मी शेवटचा डाव खेळलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. गुडघ्याचा लिगामेंट गेला, घरी पैसे नव्हते, ऑपरेशन झालं नाही. क्रीडा प्रमाणपत्रावर पाच टक्क्यांच्या आरक्षणातून नोकरी लागली. ते प्रमाणपत्र लोखंडी कपाटात फाइलमध्ये आहे, वर प्लास्टिक. वीस वर्षं मी स्वतःला खेळाडू म्हणत आलो आणि या वीस वर्षांत एकदाही मैदानात पाय ठेवला नाही. खो-खोचा विश्वचषक जानेवारी २०२५ ला दिल्लीत झाला, भारताचे पुरुष आणि महिला दोन्ही संघ जिंकले, दोन्ही कर्णधार आपले मराठी, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. मी टीव्हीसमोर उभा राहून सगळा सामना बघितला. बसवतच नव्हतं. बायकोने विचारलं, "रडताय का?"

काका म्हणतात तसं, माझ्या वाक्यात 'होतो' आहे. आणि ज्यांच्या वाक्यात तो नाही त्यांना मी इथे अडवत बसलो होतो.

माझी मुलगी आठवीत आहे, खो-खो खेळते. काल पहिल्यांदा तिच्याबरोबर मैदानावर गेलो. पाटीवर बसून दाखवायला गेलो तर गुडघा वाकेना, म्हणून खांबापाशी उभा राहिलो आणि घड्याळ धरलं. तिने पळतीत १ मिनिट ५० सेकंद काढले. घरी येऊन तिला म्हटलं, पुढच्या वेळी दोन मिनिटं.

तांबडी_माती

वस्ताद झालात की राव.

रानजाई

पाठलाग दादा, मुलीला मंगळवारी झोपायलाही सांगा.

कृष्णाकाठची

सात आठवडे झाले, म्हणून धागा वर काढते.

चीर भरली. परवानगी मिळाली आहे, पण आधीसारखं पळायला नाही: एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं दहा वेळा. सपाटीवर, मातीत. घाट अजून तीन महिने बंद. एवढे दिवस पोहण्याच्या तलावात कमरेला पट्टा बांधून पाण्यात पळत होते, त्यामुळे दम टिकून आहे.

एक छोटी गोष्ट सांगायची होती. मी आजवर ऑफिसातून लवकर निघताना "जरा घरी काम आहे" म्हणायचे. पळायला जाते हे सांगायची लाज वाटायची, जशी काही मी कामचुकारपणाच करते. काल साडेपाचला पर्स उचलली, मॅनेजर साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "मॅडम, आज लवकर?" मी म्हटलं, "सर, सराव आहे." "कसला?" "पळण्याचा." ते दोन क्षण बघत राहिले, मग म्हणाले, "बरं. डे-एंड मी बघतो."

जिन्यात पोहोचेपर्यंत माझं काळीज धडधडत होतं. बिब लावून सुरुवातीच्या रेषेवर उभी असतानाही कधी असं झालं नव्हतं.

निळं_पाणी

पहिल्या मिनिटाला किती अंतर झालं?

कृष्णाकाठची

१५० मीटर. मोजून ठेवलंय.

पाठलाग

ताई, येत्या रविवारी मुलीच्या निवड चाचणीसाठी साताऱ्यात आहे, जिल्हा क्रीडा संकुलावर. चाचणी नऊला. त्याआधी तुमची दहा मिनिटं असतील तर घड्याळ मी धरतो.

कृष्णाकाठची

सव्वासहाला या दादा, ऊन चढायच्या आत. मुलीलाही आणा. सासूबाईंना सांगितलंय, त्या अंडी तुमच्यासाठीही उकडणार आहेत.